शिष्ट कोणाला म्हणावे?

चार वर्षांपूर्वीची, उन्हाळ्याच्या सुटीतील गोष्ट. आमच्या वसाहतीतील मुले खालच्या मोकळ्या जागेत क्रिकेट खेळत होती. खेळता खेळता त्यांचा चेंडू आमच्या पहिल्या मजल्यावरील सज्जात येऊन पडला. मी वाचत बसलो होतो. चेंडू खाली टाकावा म्हणून उठलो, तेवढ्यात मुलांचे बोलणे कानावर आले. एक जण म्हणत होता, "तू जा ना वर." त्यावर दुसरा म्हणाला, "मी नाही जाणार. ते आजोबा फार शिष्ट आहेत. राहू दे, नवीन आणू."

ज्या माणसाने एकतीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले, त्याच्या मनात हे ऐकून प्रथम काय आले असेल? खरे सांगायचे तर क्षणभर बरे वाटले. 'शिष्ट' म्हणजे सुसंस्कृत, शिस्तीत वाढलेला, ज्याचे आचरण इतरांनी प्रमाण मानावे असा पुरुष. पुढच्याच क्षणी लक्षात आले की, नवा चेंडू विकत घेण्याचा खर्च सोसायला ही मुले तयार होती, पण माझे दार वाजवायला तयार नव्हती. प्रशस्तिपत्र दिलेल्या माणसाच्या दाराशी जायला कोणी कचरत नाही. मुलांनी वापरलेला 'शिष्ट' हा माझ्या पाठ्यपुस्तकातला नव्हता. तो घराघरांत, कट्ट्यांवर आणि महाविद्यालयांच्या उपाहारगृहांत बोलला जाणारा 'शिष्ट' होता. त्याचा अर्थ ताठर, आखडलेला, स्वतःला चार बोटे वर समजणारा.

मी त्या मुलांवर कधी ओरडलो नव्हतो. आधी दोन-तीनदा ती आली होती तेव्हा चेंडू दिलाही होता. मात्र देताना घंटा एकदाच वाजवावी, पादत्राणे पायपुसण्याच्या अलीकडे काढावीत आणि मागताना 'कृपया' म्हणावे, एवढे न चुकता सांगितले होते. यात गैर काय, असे तेव्हा वाटत असे. त्याच वर्षी श्रावणात आणखी एक प्रसंग घडला आणि या शब्दाचा मला नीट विचार करावा लागला. तो प्रसंग शेवटी सांगेन. आधी शब्दाकडे वळू.

संस्कृतात 'शास्' असा धातू आहे. शिकविणे, नियमन करणे, योग्य मार्गाला लावणे हा त्याचा अर्थ. त्याला 'क्त' प्रत्यय लागला की पाणिनीच्या नियमांनुसार 'आ'चा 'इ' आणि 'स'चा 'ष' होऊन 'शिष्ट' हे रूप सिद्ध होते. शासन, शास्ता, शास्त्र, शिष्य, अनुशासन हे सारे याच कुळातले शब्द. म्हणजे शिष्य आणि शिष्ट हे सख्खे भाऊ आहेत. ज्याला शिकवायचे तो शिष्य, आणि शिकविलेले ज्याच्या अंगी मुरले तो शिष्ट. ('अवशिष्ट' किंवा 'विशिष्ट' यांतील 'शिष्ट' निराळा. तो 'शिष्' म्हणजे उरणे या धातूपासून आला आहे.)

आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी हा शब्द मोठ्या जबाबदारीने वापरला आहे. बौधायन धर्मसूत्राच्या आरंभीच धर्म कशावरून जाणावा याचा विचार आहे. प्रथम वेद, नंतर स्मृती आणि तिसरा शिष्टांचा आचार, असा तेथे क्रम लागतो. शिष्टाच्या वागण्याला एवढा मान द्यायचा, तर तो कोण हे सांगायलाच हवे. म्हणून सूत्रकार लगेच लक्षणे देतात. जो मत्सरापासून मुक्त आहे, ज्याला अहंकार नाही, ज्याच्या घरी घडाभरच धान्य आहे, जो लोभी नाही, जो दंभ, दर्प, लोभ, मोह आणि क्रोध यांपासून दूर आहे, तो शिष्ट. वसिष्ठ धर्मसूत्राने तर याहून थोडक्यात, ज्याच्या मनात वासना नाही तो शिष्ट, असे सांगून विषय संपविला आहे.

बौधायनांची ही यादी पुन्हा एकदा वाचावी. मत्सर नाही, अहंकार नाही, दंभ नाही, दर्प नाही. बोली मराठीत आपण ज्याला 'शिष्ट' म्हणतो, त्याच्यात नेमके हेच दोष आपल्याला दिसत असतात! सूत्रकारांनी जे दोष वर्ज्य म्हणून सांगितले, तेच शेकडो वर्षांनी आपल्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ होऊन बसले. ज्या घरात दर्पाला प्रवेश नव्हता, त्या घराच्या दारावर आज दर्पाच्या नावाची पाटी लागली आहे.

हे स्थित्यंतर सर्व भारतीय भाषांत झालेले नाही. हिंदीत 'शिष्ट' म्हणजे आजही सभ्य, विनयशील. एखाद्या हिंदी भाषिक पाहुण्याने आपल्या सुनेची 'बहुत शिष्ट है' अशी स्तुती केली, तर मराठी घरात क्षणभर शांतता पसरेल. मराठीतही लिखित आणि राजकीय व्यवहारात शब्दाची प्रतिष्ठा टिकून आहे. शासनाचा 'राजशिष्टाचार विभाग' असतो. मंत्र्यांना निवेदन द्यायला 'शिष्टमंडळ' जाते. दोन पक्षांत तडजोड घडविणाऱ्याच्या 'शिष्टाई'ला यश येते किंवा येत नाही. भ्रष्टाचार हाच शिष्टाचार झाला आहे, असे वक्ते वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, आणि ते वाक्य टाळ्या घेते ते शिष्टाचार चांगला असे श्रोते अजून धरून चालतात म्हणूनच. परंतु हा शब्द एकटा माणसाला लावला की त्याचा स्वर बदलतो. 'ती जरा शिष्टच आहे', 'उगीच शिष्टपणा करू नकोस', 'बोलला नाही, शिष्ट कुठला!' या वाक्यांत स्तुतीचा लवलेशही नाही.

यावर शुद्धतेचा आग्रह धरणारे एक उत्तर देतात, आणि मीही ते बरीच वर्षे देत होतो. हा अपप्रयोग आहे, मुलांना मूळ अर्थ शिकवावा आणि चूक सुधारावी. या उत्तरातला ताठा मला पतंजलींनी दाखवून दिला.

महाभाष्यात एक गोड संवाद आहे. एका वैयाकरणाने रथ पाहून विचारले, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी पुढे होऊन म्हणाला, या रथाचा 'प्राजिता' मी. वैयाकरणाने त्याला सुनावले की, तुझा शब्द अशुद्ध आहे. सारथ्याने उत्तर दिले, महाराज, आपल्याला नियम कोठे लागतो ते कळते, लोकांना काय इष्ट आहे ते कळत नाही. हे रूप इष्ट आहे. चिडलेल्या वैयाकरणाने 'सूत' या शब्दाची भलतीच व्युत्पत्ती गृहीत धरून त्याला दूषण देणारा शब्द घडविला. सारथ्याने तीही व्युत्पत्ती चुकल्याचे दाखविले आणि निंदाच करायची असेल तर कोणता शब्द योग्य होईल, तेही सांगितले! व्याकरणाच्या सर्वांत मोठ्या ग्रंथांपैकी एकाचा कर्ता आपल्याच व्यवसायबंधूला सारथ्याकडून निरुत्तर होताना दाखवितो, यात मोठा बोध आहे. पतंजली इतरत्र म्हणतात की, घट हवा असेल तर माणूस कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द हवेत म्हणून वैयाकरणाच्या घरी कोणी जात नाही. शब्द लोकांत घडतात. त्यांचा अर्थ लोकव्यवहार ठरवितो.

अर्थ असे फिरल्याची उदाहरणे आपल्या भाषेत कमी नाहीत. 'साहस' हा शब्द प्राचीन व्यवहारशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यासाठी वापरला जाई. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत तो आहे. आज आपण मुलांना साहसी व्हा म्हणतो. 'देवानांप्रिय' ही सम्राट अशोकाची बिरुदावली होती, पुढे संस्कृत पंडितांनी ती मूर्ख या अर्थी वापरली. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत विद्या, आणि मराठीत दंड. प्रत्येक वेळी अर्थ फिरतो तो समाजाच्या कोणत्या तरी अनुभवामुळे. ज्या समाजाने विद्येच्या शब्दाला छडीचा अर्थ दिला, त्याने छडी खाल्लेली असते. मग ज्या समाजाने सभ्यतेच्या शब्दाला गर्वाचा अर्थ दिला, त्याने काय अनुभवले असेल?

माझे उत्तर असे आहे. शिष्टत्वाची खूण अंतरंगातून बाहेर आली आणि अंतरंग मागे राहिले. घडाभर धान्यावर समाधान मानणे कठीण, निर्मत्सर होणे त्याहून कठीण. त्या मानाने शुद्ध बोलणे, ठरावीक नमस्कार करणे, अंतर राखून बसणे सोपे. जे सोपे ते टिकले, आणि ते ज्यांच्याकडे होते त्यांनी स्वतःला शिष्ट म्हणवून घेतले. अंतर राखणे हेच मग शिष्टपणाचे मुख्य लक्षण ठरले. पतंजलींनीही शिष्टांची व्याख्या केली आहे. घड्यापुरते धान्य, निर्लोभी वृत्ती, स्वार्थाचा हेतू न दिसणारे आचरण आणि एखाद्या विद्येत पारंगतता ही त्यांची लक्षणे आहेत. मात्र ती त्यांनी आर्यावर्तातील ब्राह्मणांना उद्देशून सांगितली आहेत. पुढे काय झाले ते आपण जाणतो. जन्म आणि वास्तव्य या दोन अटी लोकांच्या लक्षात राहिल्या, धान्याचा घडा विस्मरणात गेला. दाराबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाला आतल्याची विद्या दिसत नाही, त्याला बंद दार दिसते. त्याने त्या दारावरून 'शिष्ट' शब्दाचा अर्थ लावला. तो अर्थ अन्यायाचा आहे असे म्हणण्यापूर्वी आपण दार किती वेळा उघडले, याचा हिशेब द्यावा लागेल.

आपल्या परंपरेने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाची कथा आहे. झाडाखाली वेदपठण करीत असता वरून एका बगळीने घाण केली. त्याने क्रोधाने पाहताच ती मरून पडली. पुढे तो भिक्षेसाठी एका घरी गेला. तेथील गृहिणीने थांबायला सांगितले, पण तेवढ्यात तिचा भुकेलेला पती आला आणि ती त्याच्या सेवेत गुंतली. उशिरा भिक्षा घेऊन आली तेव्हा कौशिक संतापलेला होता. ती शांतपणे म्हणाली की, मी ती बगळी नव्हे. धर्म जाणून घ्यायचा असेल तर मिथिलेला जाऊन धर्मव्याधाला भेटा, असेही तिने सुचविले. कौशिक मिथिलेला पोहोचला तेव्हा तो व्याध बाजारात मांसविक्री करीत होता. कौशिक बाजूला उभा राहिला. व्याध स्वतः उठून सामोरा आला, त्याने आदराने वंदन केले आणि ही जागा आपल्याला योग्य नाही, घरी चलावे, म्हणून त्याला आपल्या घरी नेले.

त्या घरी वेदपाठी कौशिकाने मांसविक्रेत्याला प्रश्न विचारला, तो हाच: शिष्टाचार कसा ओळखावा? व्याधाने सांगितले की यज्ञ, दान, तप, वेद आणि सत्य ही पाच शिष्टाचारात सदैव असतात. ज्यांनी काम, क्रोध, दंभ, लोभ आणि कुटिलता यांना जिंकले, ते शिष्ट. व्यासांना ही व्याख्या एखाद्या ऋषीच्या तोंडी घालता आली असती. त्यांनी ती बाजारातल्या व्याधाच्या मुखी घातली, आणि ऐकणारा ठेवला तो रागीट विद्वान. शेवटी व्याध त्याला आणखी एक गोष्ट ऐकवितो. वेदाध्ययनासाठी आई-वडिलांची अनुज्ञा न घेता तू घर सोडलेस, ते तुझ्या शोकाने अंध झाले आहेत, परत जा आणि त्यांना प्रसन्न कर. स्वामी विवेकानंदांनी १८९५-९६ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क येथे कर्मयोगावर व्याख्याने दिली, तेव्हा हीच कथा सांगितली होती. समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणांनी आरंभ करून शेवटी 'पढतमूर्खा'साठी स्वतंत्र समास लिहिला, त्यामागेही हीच जाणीव आहे. शिकलेल्याचा गर्व अडाण्याच्या अज्ञानाहून निराळा रोग आहे, आणि त्याला निराळे औषध लागते.

'शिष्टाई' हा शब्द तर आपण भगवान श्रीकृष्णाशी जोडला आहे. कृष्णशिष्टाईचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो, पण त्यातील एक तपशील येथे महत्त्वाचा आहे. श्रीकृष्ण हस्तिनापुरास निघाले तेव्हा कौरवांनी वाटेत विश्रामासाठी रत्नजडित सभा उभारल्या होत्या. राजशिष्टाचारात कोठेही उणे नव्हते. नगरात आल्यावर दुर्योधनाने भोजनाचे रीतसर निमंत्रण दिले. श्रीकृष्णांनी ते नाकारले. अन्न एक तर प्रेमापोटी घ्यावे किंवा संकटात सापडल्यामुळे. तुझ्या मनात प्रेम नाही आणि मी संकटात नाही, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. मग ते विदुराच्या घरी जेवले. दुर्योधनाचे निमंत्रण शिष्टाचाराच्या पुस्तकाप्रमाणे निर्दोष होते. त्याला ज्या अर्थाने आज मुले शिष्ट म्हणतील, नेमक्या त्याच अर्थाने ते 'शिष्ट' होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग रीतभात सोडून द्यावी काय? मुळीच नाही. आपल्या भाषेतील रीतीकडेच पाहा. घरातून निघताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर ती 'वाढवली' म्हणतात. जुन्या पत्रांतील 'तीर्थरूप', 'शिरसाष्टांग नमस्कार', 'अनेक आशीर्वाद' हे मायने ठरीव होते, तरी परगावी शिकणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत ते वाचून पाणी येई. या रीती समोरच्याची काळजी वाहण्यासाठी जन्मल्या. त्यांत मोठी सोयही आहे. दुःखाच्या घरी काय बोलावे ते सुचत नाही, तेव्हा ठरलेले शब्द आधार देतात. रीतीमुळे माणूस शिष्ट होत नाही. रीत पाळली म्हणजे आपले काम झाले, असे वाटू लागले की तो त्या वाईट अर्थाने शिष्ट होतो.

मराठीत याची अचूक परीक्षा आहे. पाहुणा दारात आला की एक घर विचारते, "चहा घेणार का?" दुसरे म्हणते, "बसा, चहा टाकते." पहिल्या वाक्यात व्याकरणाची वा सभ्यतेची कोणतीही चूक नाही. पण पाहुणा "नको, आत्ताच झाला" म्हणून उठतो. दुसऱ्या घरासाठी आपल्याकडे 'अगत्य' हा सुंदर शब्द आहे. उन्हातून आलेल्याच्या हातावर गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या देणारी खेड्यातली माउली 'कृपया' म्हणत नाही. संबोधनांचेही तसेच. 'आपण' आणि 'तुम्ही' यांची मराठीत उणीव नाही, तरी आपण आईला 'तू' म्हणतो आणि विठ्ठलालाही 'तू'च म्हणतो. ज्या भाषेने देवाशी एकेरीत बोलण्याची मुभा दिली, तिच्या लेकरांनी शेजाऱ्याशी मात्र आयुष्यभर 'आपण कसे आहात?' यापुढे जाऊ नये, हे विचित्र आहे.

लग्नकार्यातील मानपानाचा अनुभव तर प्रत्येक घराला आहे. विहिणीला अक्षत द्यायला कोण आले, आहेर कोणाच्या हातून दिला, पंगतीत पाट कोठे मांडला, यावरून धरलेले अबोले वर्षानुवर्षे चालतात. तेथे प्रत्येक जण शिष्टाचारावर बोट ठेवून बोलत असतो, आणि बौधायनांनी वर्ज्य सांगितलेले मत्सर, दर्प आणि क्रोध हे तिघेही मांडवात पहिल्या ओळीत बसलेले असतात.

या शब्दाची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. प्रत्येक वेळी शब्द फेकणारा बरोबर असतो असे नाही. वसतिगृहात दारूच्या बैठकीला न बसणारा मुलगा 'शिष्ट' ठरतो. वर्गातील अर्वाच्य विनोदावर न हसणारी मुलगी 'शिष्ट' ठरते. खेड्यातून शहरात आलेली, बोलताना आपल्या बोलीची लाज वाटून गप्प राहणारी नवी सूनही 'शिष्ट' ठरते. तिच्या मौनात गर्व नसून भीती असते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. अशा वेळी हा शब्द चांगल्याला खाली ओढण्याचे किंवा लाजऱ्याला एकटे पाडण्याचे हत्यार होतो. आपल्या मुलामुलींना कोणी असे म्हटले तर पालकांनी घाईने 'जरा मिसळायला शीक' असा उपदेश करू नये. कशावरून म्हटले, ते आधी विचारावे. दारू नाकारल्याबद्दल मिळालेले हे विशेषण अंगावर मिरवावे. सोबत बसून डबा न खाल्ल्याबद्दल मिळाले असेल तर मात्र मुलाशी बोलावे.

समाजात काम करणाऱ्यांसाठी तर हा शब्द आरशासारखा आहे. आपण वेळेवर जातो, वेळेवर निघतो, बैठक शिस्तीत होते, वृत्त लिहिले जाते, 'संपर्क झाला' अशी वहीत नोंद होते. हे सर्व हवेच. पण ज्या घरी संपर्क झाला, त्या घरातील म्हाताऱ्याच्या गुडघ्याचे काय झाले, मुलीची परीक्षा कशी गेली, हे ठाऊक नसेल तर ती नोंद कोणाच्या उपयोगाची? वस्तीत जाऊन जमिनीवर बसलो, परंतु समोर आलेला चहाचा पेला तोंडाला लावताना हात अडखळला, तर तो अडखळलेला हात सर्वांनी पाहिलेला असतो. आपल्या भाषणातील बंधुभावापेक्षा तोच त्यांच्या लक्षात राहतो. पाठ फिरल्यावर तेथे आपल्यासाठी कोणता शब्द वापरला जातो, याची चौकशी अधूनमधून करावी. उत्तर कदाचित दोन अक्षरी मिळेल.

आता तो श्रावणातला प्रसंग. आमच्या वरच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहत असे. नऊ वर्षांची ओळख. जिन्यात भेट झाली की मी हात जोडून 'नमस्कार' म्हणे, तेही म्हणत. दिवाळीला फराळाचे ताट वर जाई, संक्रांतीला तिळगूळ खाली येई. सारे यथास्थित. त्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास ते गृहस्थ आठ-दहा दिवस एकटेच ये-जा करताना दिसले. मी नेहमीप्रमाणे नमस्कार केला, त्यांनीही केला. एके सकाळी इमारतीच्या फलकावर सूचना लागली, तेव्हा कळले की त्यांच्या पत्नी तीन आठवडे रुग्णालयात होत्या आणि आदल्या रात्री गेल्या. मी त्यांना भेटायला गेलो. योग्य ते शब्द बोललो. मग न राहवून म्हणालो, "काका, एकदा तरी सांगायचंत. रात्री थांबायला मी आलो असतो." ते अगदी साधेपणाने म्हणाले, "एकदा रात्री तुमच्या दारापर्यंत आलो होतो हो. दहा वाजून गेले होते. म्हटलं, तुम्हाला असं अवेळी चालायचं नाही. परत गेलो."

त्यांनी मला शिष्ट म्हटले नाही. मुलांनी ते आधीच म्हटले होते. बौधायन, पतंजली आणि व्याध यांच्या व्याख्या मला तोंडपाठ होत्या; तरी रात्री दहानंतर एक व्याकूळ माणूस माझ्या दाराशी येऊन घंटा न वाजविता परत गेला. त्या रात्री तो वर जिना चढत असता मी आत काय करीत होतो, हे आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. बहुधा वाचत असेन.

आता ते गृहस्थ रोज सायंकाळी आमच्याकडे येतात. घंटा वाजवीत नाहीत, कारण त्या वेळी दार उघडेच असते. मुले चेंडू मागायला येतात, कधी दोनदा-तीनदा घंटा वाजवितात आणि 'कृपया' म्हणत नाहीत. परवा त्यांतलाच एक जण पादत्राणांसह सज्जापर्यंत गेला. तोंडावर आलेले वाक्य मी गिळले. हे अजून प्रत्येक वेळी जमतेच असे नाही.